पडद्याआडची दहा मिनिटं

४ नोव्हेंबर

बावीस वर्षं ह्या हातांनी बाळांच्या छात्या मोकळ्या केल्या, आणि आता ह्याच हातांची परीक्षा! मोठ्या डॉक्टरांनी आज जाहीर करून टाकलं. तान्ह्या बाळाला ब्राँकिओलायटिस — सर्दी छातीत उतरून बारीक श्वासनळ्या सुजतात तो — झाला की आपण जो छातीचा फिजिओ देतो, थापट्या देऊन कफ सोडवतो, त्यानं खरंच काही होतं का, हे म्हणे मोजून बघायचं. मोजून! हातच्या काकणाला आरसा कशाला?

पद्धत अशी. प्रत्येक बाळाच्या नंबरचं एक बंद पाकीट. आत लाल कार्ड, नाहीतर पांढरं. लाल निघालं तर बाळाला पडद्याच्या खोलीत न्यायचं आणि नेहमीसारखा फिजिओ द्यायचा. पांढरं निघालं तर नुसतं नाक साफ करायचं आणि दहा मिनिटं बाळ घेऊन बसून राहायचं. आईबाप बाहेर, डॉक्टर बाहेर, सिस्टर बाहेर. आत काय झालं ते फक्त फिजिओ देणारीला माहीत. कुणालाही सांगायचं नाही, आपसांतही बोलायचं नाही. बाळ किती तासांनी ऑक्सिजनच्या नळीवरून सुटलं, उलट्या किती झाल्या, ते सिस्टर फळ्यावर लिहिणार.

आपसांत — म्हणजे मी आणि ती नवी. महिना झाला तिला येऊन. अठ्ठावीसची असेल. काडीसारखी बारीक, आवाज असा की दोनदा विचारावं लागतं. मनगटं बघितली आणि मनात म्हटलं, ही काय छाती मोकळी करणार!

जाता जाता डॉक्टरांनी खडा टाकलाच. जानेवारीपासून बाळांच्या वॉर्डात एकच फिजिओ राहील. दुसरी हाडांच्या विभागात — म्हणजे म्हाताऱ्यांचे गुडघे वाकवत बसायचं. "कोण राहणार ते स्टडी झाल्यावर बघू." हे माझ्याकडे बघून म्हणाले की तिच्याकडे, ते मला कळलं नाही.

६ नोव्हेंबर

पहिलं पाकीट — लाल. सुटले! तीन महिन्यांचं बाळ, मिनिटाला चौसष्ट श्वास, नाकपुड्या फुगलेल्या, बरगड्यांमधलं कातडं आत ओढलं जातंय. मांडीवर आडवं घेतलं, हाताची वाटी केली आणि थापट्या दिल्या. खच्चून रडलं, चिकट कफाची उलटी केली. मी पडदा सारून आईला म्हटलं, "रडलं म्हणजे चांगलं. फुप्फुसं उघडली." बावीस वर्षं हेच सांगत आलेय. आई मात्र माझ्याकडे, मी तिच्या बाळाला चिमटा काढल्यासारखी बघत होती.

त्यानंतर नवी एक बाळ घेऊन आत गेली. दहा मिनिटांनी बाहेर आली तेव्हा बाळ तिच्या खांद्यावर झोपलेलं. झोपलेलं! आजारी बाळ झोपतं का असं?

नव्याचे नऊ दिवस.

९ नोव्हेंबर

आज पांढरं कार्ड आलं.

दोन महिन्यांची मुलगी. नाक साफ केलं. मग घड्याळाकडे तोंड करून बसले, पोरगी मांडीवर. छातीत चिमणीच्या पिल्लाएवढी शिट्टी वाजतेय, पोट वरखाली होतंय, आणि मी हात बांधून बसायचं! एक मिनिट झालं. दोन झाली. पडद्याखालून तिच्या आईच्या चपला दिसत होत्या. हलतही नव्हती बिचारी.

तिसऱ्या मिनिटाला माझ्या हातांनी आपणहून वाटी केली. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून छातीवर टॉवेलची दुहेरी घडी टाकली आणि दिल्या थापट्या.

कार्ड परत पाकिटात, पाकीट माझ्या कप्प्यात, कप्प्याला कुलूप. मी चोरी केली नाही. मी माझं काम केलं.

१० नोव्हेंबर

त्या मुलीला पुन्हा टॉवेल. पुन्हा थापट्या. आता हेच चालणार.

१३ नोव्हेंबर

फळा बघून आले. रोज बघते. रोज काय, येता-जाता बघते. तिचं तीन नंबर अडतीस तासांत नळीवरून सुटलं. माझं चार नंबर अजून नळीवरच, बहात्तर तास झाले. म्हणजे मी लाल-पांढरं न बघता सगळ्यांना फिजिओ देऊनसुद्धा! अंगाचा नुसता तिळपापड झाला.

घरी आल्यावर भांडी आपटली असतील थोडी. नवरा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "काय म्हणते तुझी सवत?"

"कोण सवत?"

"तीच, बारीक आवाजाची. गेले आठ दिवस ह्या घरात तिच्याशिवाय विषय नाही. मला तर आता तिच्या डब्यात काय असतं तेही पाठ झालंय."

मी आणखी एक पातेलं आपटलं. पण सवत हे नाव तिला चपखल बसलंय.

१७ नोव्हेंबर

वॉर्डातल्या झाडू-पुसण्याच्या मावशींना सगळं कळतं. डॉक्टरांना कळत नाही ते मावशींना कळतं. आज फडकं पिळता पिळता म्हणाल्या, "ताई, एक विचारू का? तुम्ही आत गेलात की ढब-ढब येतं. कधी मोठं, कधी उशीत तोंड घातल्यासारखं. पण येतं. ह्या नव्या ताई आत गेल्या की काहीच येत नाही. मुंगी चालली तरी ऐकू यावं!"

टॉवेलसुद्धा बाहेर ऐकू येतो तर! पण मावशींना लाल-पांढऱ्याची भानगड माहीत नाही, त्यांच्या मनात दुसरंच. "काय करतात हो त्या आत? मंत्र टाकतात का?"

मी हसण्यावारी नेलं. घरी येईपर्यंत मात्र तेच डोक्यात. एकदाही थापटीचा आवाज नाही! सगळी पांढरीच कार्डं तिच्या वाट्याला आली? एवढं कुणाचं नशीब नसतं. म्हणजे हिला कुठली तरी बिनआवाजाची पद्धत येते. आणि ती माझ्याहून सरस आहे.

१८ नोव्हेंबर

तिचं पाच नंबर घरी गेलं. जाताना त्या बाईनं सवतीबरोबर फोटो काढून घेतला. बावीस वर्षांत माझ्याबरोबर कुणी फोटो काढलेला नाही.

२२ नोव्हेंबर

सापडली पद्धत! तिच्या टेबलावर एक छापील कागद पडला होता. पडला होता म्हणजे वहीखाली होता, मी वही सरकवली. चित्रं होती. बाळ उताणं, एक हात छातीवर, एक पोटावर, आणि बाळानं श्वास सोडला की त्याच्या मागोमाग हळूच दाबत न्यायचं. थापटी नाही, हिसका नाही, आवाज नाही. हे मी शिकले तेव्हा नव्हतं. पुढे एकदा शिबिर झालं होतं ह्याचं. मी गेले नव्हते — मला काय कोण शिकवणार, अशी तेव्हा घमेंड!

संध्याकाळी उशीवर करून बघितलं. उशी श्वास घेत नाही. मग नवऱ्याला आडवा केला.

"श्वास सोड."

"सोडला."

"हळू सोड! बाळासारखा."

"बाळाचं वजन पाच किलो असतं. तू माझ्या बरगड्यांवर राग कुणाचा काढतेयस, ते एकदा स्पष्ट सांग."

हसायला आलं मला. मग रडायलाही आलं. तो उठून बसला, म्हणाला, "अगं, शिकायचं असेल तर सरळ विचार ना तिला." विचार म्हणे! त्यापेक्षा गुडघे परवडले.

२७ नोव्हेंबर

आज विचारायला गेले होते. खरंच गेले होते. ती हात धूत होती. धूत होती कसली, खरवडत होती, कोपरापर्यंत, पाच मिनिटं. मला बघून दचकली. म्हणाली, "ताई, काही काम होतं?"

तोंडातून निघालं, "नळ बंद कर. पाणी वाया जातंय."

३ डिसेंबर

सवतीला सर्दी झाली. सुट्टीवर. बरं वाटलं. मग लाज वाटली. मग पुन्हा बरं वाटलं.

५ डिसेंबर

तिची दोन बाळं दोन दिवस माझ्याकडे होती. कप्प्याची किल्ली तिच्याकडे, त्यामुळे कार्ड कुठलं ते मला कळायची सोय नाही. सिस्टर म्हणाल्या, नुसतं नाक साफ करून द्या. दोन्ही बाळं मला बघून रडायला लागली. हात लावायच्या आधीच! माझा पांढरा कोट आणि तिचा पांढरा कोट एकाच धोब्याकडचे. मग बाळांना काय कळतं?

आम्हाला मूल झालं नाही. ते काही मी उगाळत बसत नाही. पण सगळ्या जगाच्या बाळांनी माझ्याकडे बघून ओठ काढायचे आणि तिच्याकडे बघून झोपायचं, ह्याला काही न्याय आहे का?

८ डिसेंबर

भाचीचं बाळ आलं. आलं म्हणजे ॲडमिट झालं. तेरा आठवड्यांचा मुलगा. परवा नुसतं नाक वाहत होतं, आज दूध ओढवत नाही, ओठांभोवती निळसर. नळी लागली.

ही भाची म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी, पण अर्धी माझ्याच घरात वाढलेली. चार वर्षांची असताना न्यूमोनिया झाला होता तिला, उजव्या फुप्फुसात कफ घट्ट अडकून बसला. मी तेव्हा नुकती शिकून बाहेर पडलेली. तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ थापट्या दिल्या आणि पोरगी खडखडीत बरी केली. ताई अजून चारचौघांत सांगते, "माझ्या लेकीला माझ्या बहिणीच्या हातांनी वाचवलं." माझ्या हातांवर माझा विश्वास बसला तो तिथे.

तर पाकीट माझ्या पाळीचं होतं. नातेवाइकांना घ्यायचं नाही असं नियमांत कुठे नाही, मी दोनदा वाचलं. बाळाला घ्यायला हात पुढे केले. भाचीनं बाळ छातीशी धरलं. तसंच धरून ठेवलं.

"मावशी, राग मानू नकोस. त्या दुसऱ्या मॅडमना सांगशील का?"

माझ्या थोबाडीत बसल्यासारखं झालं. मी म्हटलं, "अगं, तुला मी —"

"मला आठवतं ते. छातीवर ढब-ढब, ढब-ढब. तू दारात दिसलीस की मी पलंगाखाली जाऊन लपायचे."

मला वाटायचं ती लपाछपी खेळतेय. इतकी वर्षं मी हे कौतुकानं सांगत होते, की पोर आजारातसुद्धा लपाछपी खेळायची! मी तिला पाय धरून बाहेर ओढायचे आणि दोघी हसायचो. दोघी हसत होतो ना?

सवतीला निरोप दिला. आवाज साधा ठेवला.

९ डिसेंबर

पडद्याबाहेर उभी राहिले, भाचीच्या शेजारी. दहा मिनिटं. आतून काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. माझ्या बाळाला — भाचीच्या बाळाला — ती आत काय करतेय हे मला माहीत नाही, आणि ते माझ्यापेक्षा चांगलं आहे हे सगळ्यांना माहीत. बाहेर आला तो झोपलेला. भाचीनं तिचे दोन्ही हात हातात घेतले. माझ्यासमोर!

खोटं कशाला लिहू, त्या क्षणी मला वाटलं, बाळाला बरं वाटू नये. एक पळभर. एवढं लिहून पेन खाली ठेवलं होतं, पुन्हा उचललं. वाटलं ते वाटलं.

१० डिसेंबर

पडदा ओढला.

ठरवून नाही. दुपारची पाळी होती, भाची दूध काढायला गेलेली, बाहेर कुणी नव्हतं. आत तीच शांतता. ती पद्धत मला एकदा डोळ्यांनी बघायचीच होती. म्हटलं, बघते, शिकते, आणि सोडते विषय. सारला पडदा.

ती खुर्चीवर बसली होती. बाळ उभं, तिच्या छातीशी टेकलेलं, तोंड तिच्या गळ्यात. तिचा एक हात त्याच्या कुल्ल्याखाली, दुसरा डोक्यामागे. बस. टेबलावर उघडं पाकीट आणि त्यावर कार्ड.

लाल.

मी कार्डाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. ती पांढरीफटक. मग: "ताई, ओरडू नका. तो झोपलाय."

मी पडदा पुन्हा लावून घेतला आणि नाक साफ करायच्या मशीनशेजारच्या स्टुलावर बसले. तिनं सगळं सांगितलं, कुजबुजत, बाळ न हलवता. आधीच्या नोकरीत सात आठवड्यांचं एक बाळ होतं. ती तीच दाबायची पद्धत करत होती, शिकवली तशीच. दुसऱ्या दिवशी एक्सरे काढला, दोन बरगड्या तडकलेल्या. बाळ पुढे बरं झालं. कुणी रागावलंसुद्धा नाही, "होतं असं क्वचित" म्हणाले. "पण मला तो टक् असा आवाज हाताला कळला होता, ताई. तेव्हाच कळला होता. मी थांबले नाही, वाटलं भास झाला."

तेव्हापासून तान्ह्या बाळावर तिचे हात उठत नाहीत. इथे आली, वाटलं नव्या जागी उठतील. नाही उठले. लाल असो, पांढरं असो — नाक साफ करते आणि दहा मिनिटं धरून बसते. सगळ्या बाळांना. एकाच्याही छातीला हात लावलेला नाही.

मी म्हटलं, "मग तो कागद?"

"रोज वाचते. आज करू म्हणून."

आणि मग हे म्हणाली. शब्दन् शब्द लिहून ठेवते: "तुमचा फार हेवा वाटतो मला. पडद्यातून ढब-ढब ऐकू यायचं. वाटायचं, ह्यांचे हात बघा कसे निःशंक उठतात."

मी टॉवेलचं तिला सांगितलं नाही.

११ डिसेंबर

सरळ आहे. उद्या डॉक्टरांना सांगायचं. बाई काम करत नाही, लाल कार्डाच्या बाळांना नुसती जोजवत बसते. तिला काढतील तरी, नाहीतर गुडघ्यांकडे पाठवतील. वॉर्ड माझा. आणि हे खोटंही नाही, मी डोळ्यांनी बघितलंय.

मग माझा टॉवेल? तो कोण सांगणार! मावशींना तर मंत्र वाटतात.

नवऱ्याला सांगितलं सगळं. टॉवेलसुद्धा. त्याला हसू येईल असं वाटलं होतं. तो नुसता म्हणाला, "म्हणजे तुझ्या सगळ्या बाळांना फिजिओ, आणि तिच्या एकालाही नाही." एवढं बोलून चहा ठेवायला गेला.

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

१२ डिसेंबर

ह्या वहीच्या शेवटच्या पानावर फळ्याचे आकडे उतरून ठेवलेत. तिचं लवकर सुटलेलं बाळ दिसलं की शेजारी बरोबरची खूण, माझं रखडलेलं दिसलं की फुली. तिच्या रखडलेल्यांपुढे काहीच नाही. माझ्या सुटलेल्यांपुढेही नाही. पाच आठवडे फक्त खुणा बघत होते, आकडे नाही.

आज पट्टी लावून ओळीनं बेरीज केली. माझी एकोणीस बाळं, सगळ्यांना फिजिओ. तिची अठरा, एकालाही नाही. भाचीचा अजून नळीवर, तो धरला नाही. नळीवरून सुटायला लागलेला वेळ: माझ्या बाळांना सरासरी अठ्ठावन्न तास. तिच्या बाळांना सत्तावन्न.

पुन्हा केली. अठ्ठावन्न. सत्तावन्न. आकडेमोड मला येत नाही असं मानून नवऱ्याकडून करून घेतली. तेच.

एकच फरक आहे. उलट्या: माझ्या अकरा, तिच्या तीन.

ती माझ्याहून सरस निघाली असती तर चाललं असतं. खरंच चाललं असतं! दोन दिवस रडले असते, तिच्या नावानं बोटं मोडली असती, मग ते शिबिर केलं असतं. पण सारखीच? म्हणजे तिच्या न लावलेल्या हातांनी जेवढं झालं, तेवढंच माझ्या लावलेल्या हातांनी. म्हणजे बाळं आपापली बरी होत होती, आणि मी मध्ये त्यांना रडवत होते. बावीस वर्षं. किती बाळं झाली असतील? मोजणार नाही.

जळायला कुणी उरलंच नाही.

१३ डिसेंबर

भाचीचा मुलगा नळीवरून सुटला. एकशे बारा तास. दूध प्यायला.

१५ डिसेंबर

काल तिला माझा टॉवेल सांगितला. तिनं डोळे मोठे केले, तोंडावर हात घेतला, आणि मग आम्ही दोघी त्या पडद्याच्या खोलीत येड्यासारख्या हसलो. बाहेरून मावशी: "आता काय झालं बाई आत!" मग आकडे दाखवले. मग नाही हसलो.

आज दोघी मिळून मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. तिचे पाय दारातच थबकले. मी म्हटलं, "मी आधी बोलते. मी थोरली." टॉवेल, कार्डं, सगळं सांगितलं. मग ती बोलली. तिच्या बारीक आवाजासाठी डॉक्टरांना दोनदा पुढे वाकावं लागलं.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. रागावले, चांगलेच. स्टडी रद्द, कागदावर ह्याची किंमत शून्य, दुसऱ्या माणसांना घेऊन पहिल्यापासून करावी लागेल. आम्हा दोघींना लेखी समज. ते सगळं बरोबरच होतं.

निघताना मी विचारलंच. "सर, माझी भाची. चार वर्षांची होती. तीन आठवडे थापट्या दिल्या. तेही असंच, आपापलं?"

"कफ अडकला होता ना? मग तिथे तुमचे हात लागले असतील." आता रागावलेले नव्हते. "तो आजार वेगळा, बाई. हा वेगळा. हा बहुतेकदा आपल्या पायांनी येतो आणि आपल्या पायांनी जातो. आपण श्वासाला आधार द्यायचा, दूध पोटात जाईल असं बघायचं आणि वाट बघायची. वाट बघणं फार अवघड असतं."

मी म्हटलं, "जानेवारीपासून गुडघ्यांकडे मी जाते."

सवत माझ्याकडे बघायला लागली. मी तिला म्हटलं, "बघतेस काय? गुडघ्यांना हात लागतात. आणि म्हातारे रडले तरी मला चालतं."

२३ डिसेंबर

वॉर्डातला कप्पा रिकामा केला. टॉवेल निघाला. घरी आणून धुतला. सवतीला त्या बरगड्यांच्या बाळाबद्दल कुणाशी तरी बोलायला पाठवताहेत, आठवड्यातून एकदा. मीच म्हटलं होतं डॉक्टरांना. गेले आठ दिवस ती मला फोन करते, रोज. पाणी वाया घालवत नाही म्हणून कळवते. आगाऊ!

अजून जळते का मी? हो. भाचीच्या घरी सवतीचा फोटो लावलाय, बाळाला घेतलेला. जाता-येता दिसतो.

३० डिसेंबर

दुपारी भाचीचा फोन. "मावशी, हा कालपासून झोपत नाहीये. दूध पितो, छाती साफ आहे, डॉक्टरांना दाखवून आले, काही नाही. नुसता रडतो. येतेस?"

मी म्हटलं, "तिला विचारलंस का आधी?"

"कुणाला?"

गेले. बाळानं मला बघून ओठ काढले. मी कोट घातलेला नव्हता. उभं धरलं, छातीशी टेकवून, एक हात कुल्ल्याखाली, एक डोक्यामागे, बघितलं होतं तसं. बाकी काही केलं नाही. घड्याळ बघितलं नाही. थोड्या वेळानं मान जड झाली, गळ्याला गरम श्वास लागायला लागला.

बावीस वर्षांत माझ्या हातात झोपलेलं हे पहिलं बाळ. हाताला मुंग्या आल्या, तरी पाच वाजेपर्यंत मी हलले नाही.